ताटाची डावी बाजू

प्रश्न : पत्र लिहिणाऱ्या ताई 58 वर्षांच्या आहेत, तालुक्याच्या गावी राहतात. पती 63 वर्षांचे, निवृत्त शिक्षक. सगळं गाव त्यांना ‘सर’ म्हणतं, घरातही तेच नाव रुळलं आहे. आठ महिन्यांपूर्वी सरांना स्ट्रोक आला. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, चार-पाच दिवसांत घरी. ‘थोडक्यात निभावलं’ म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण तेव्हापासून ताटाच्या डाव्या बाजूची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो. पेपर वाचताना चुकतात. ‘बिनविरोध निवड’ला ‘विरोध’ वाचून दिवसभर वाद घातला. लोक म्हणतात, ‘सर हल्ली ओळख देत नाहीत’. एकदा संध्याकाळी त्यांना डावीकडे मांजर बसलेलं दिसलं, तिथे काहीच नव्हतं. चष्मा दोनदा बदलला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ‘नजर चांगली आहे, मोतीबिंदूची सुरुवात आहे’ म्हणून सांगितलं. नणंदेचं म्हणणं, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून घ्या. सर स्वतः म्हणतात, ‘मला सगळं दिसतंय’, आणि स्कूटरची किल्ली मागतात. पुण्याचा मुलगा फोनवर सांगतो, किल्ली लपवून ठेव. ताई विचारतात : हे मुद्दाम करतात, की लक्ष नाही, की डोक्यावर परिणाम झालाय? किल्ली लपवू का? मी मागे बसून ‘डावीकडून गाडी येतेय’ असं सांगत राहिले तर चालेल का? पत्राच्या शेवटी त्यांनी डिस्चार्ज कार्डवरचे तीन शब्द उतरवून अर्थ विचारला आहे : ‘लेफ्ट होमोनिमस हेमियानोपिया’.

उत्तर :

ताई,

तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता विचारलेल्या त्या तीन शब्दांतच तुमच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर आहे. ते आठ महिने कार्डावर लिहिलेलं होतं आणि कुणीही तुमच्यासमोर बसून समजावून सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आधी तेच सांगते.

सरांच्या दोन्ही डोळ्यांना समोरच्या दृश्याची डावी बाजू दिसत नाही. पुन्हा लिहिते, कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते : डावा डोळा गेलेला नाही. दोन्ही डोळे ठीक आहेत, पण दोघांच्याही दृश्याचा डावा भाग गेला आहे. डोळा फक्त प्रकाश टिपतो, बघण्याचं काम मेंदूच्या पार मागच्या भागात, डोक्याच्या पाठच्या बाजूला होतं. दोन्ही डोळ्यांतून निघालेल्या मज्जातंतूंची मधे अशी वाटणी होते की डावीकडच्या जगाची सगळी खबर उजव्या मेंदूकडे जाते आणि उजवीकडची डाव्याकडे. सरांच्या उजव्या मेंदूच्या त्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला असणार. हातपाय चालवणारा भाग तिथून लांब आहे, म्हणून ते वाचले. आणि हातपाय वाचले म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं की माणूस पूर्ण बरा झाला.

मेंदूतला हा नकाशा माणसाला युद्धामुळे उलगडला. 1904-05 च्या रशिया-जपान युद्धानंतर तात्सुजी इनोये या तरुण जपानी नेत्रवैद्याकडे काम आलं ते जखमी सैनिकांची पेन्शन ठरवण्याचं. डोक्याच्या मागच्या बाजूने गोळी आरपार गेलेले आणि तरी जगलेले सैनिक त्याच्यासमोर यायचे. गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली आणि दृश्याचा कोणता तुकडा गेला, हे तो ताडून बघत गेला. डोळे धडधाकट असलेली माणसं अर्ध्या बाजूने आंधळी असू शकतात, याची इतकी नेमकी नोंद आधी कुणी केली नव्हती. सांगायचा मुद्दा हा की सरांना जे झालंय ते वैद्यकाला शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. त्यात वेड नाही आणि हट्टही नाही.

आता नणंदेच्या सल्ल्याबद्दल. घरी एक साधी गोष्ट करून बघा. सरांचा डावा डोळा हाताने झाका. तुमच्या नाकाकडे बघायला सांगा आणि त्यांच्या डाव्या बाजूला तुमचं बोट हलवा. मग उजवा डोळा झाकून तेच करा. दोन्ही वेळा डावीकडचं बोट निसटलं, तर डोळा बदलून उपयोग नाही हे सगळ्यांच्या समोरच स्पष्ट होईल. मोतीबिंदू पुढेमागे वाढला आणि धूसर दिसायला लागलं, तर त्याचं ऑपरेशन जरूर करा, पण ते त्या धूसरपणासाठी. त्याने डावी बाजू परत येणार नाही. तिसरा चष्मा करून तर अजिबात येणार नाही. कृपा करून त्यावर आणखी पैसे घालवू नका.

मग डॉक्टर ‘नजर चांगली’ कसं म्हणाले? तेही खोटं बोलले नाहीत. भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला दृश्याचा मधला बारीकसा भाग पुरतो, आणि सर नजर सरकवत शेवटची ओळसुद्धा वाचत असतील. आजूबाजूचं किती दिसतं हे तक्ता विचारतच नाही. त्यासाठी वेगळी तपासणी असते, तिला सगळीकडे ‘फील्ड टेस्ट’ म्हणतात. पांढऱ्या अर्धगोल यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. तुमच्या पत्रात ही तपासणी झाल्याचा उल्लेख नाही. ती आधी करून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी काचबिंदूचे पेशंट तपासणाऱ्या बऱ्याच डोळ्यांच्या दवाखान्यांत हे यंत्र असतं. जाताना डिस्चार्ज कार्ड न्या, म्हणजे कशासाठी आलात हे सांगावं लागणार नाही. सरांना सकाळी, ताजेतवाने असताना न्या, कारण दमलेला माणूस बटण चुकवतो आणि रिपोर्ट आहे त्याहून वाईट येतो. त्या रिपोर्टचा कागद जपून ठेवा. स्कूटरच्या बाबतीत तो तुमच्या कामाला येणार आहे.

‘मला सगळं दिसतंय’ या त्यांच्या वाक्याने तुम्ही सर्वांत जास्त दुखावला आहात, असं पत्रावरून जाणवलं. तुम्हाला वाटतं ते लपवतात. आपण डोळे मिटले की अंधार दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं की अर्धी नजर गेलेल्याला अर्धा काळा पडदा दिसत असेल. तसं नसतं. तुम्हीच अनुभव घ्या. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे 8 सेंटिमीटरवर कुंकवाच्या टिकलीएवढा ठिपका. कागद समोर साधारण 30 सेंटिमीटरवर धरा, डावा डोळा झाका आणि उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत राहा. कागद किंचित मागेपुढे करा. एका ठिकाणी ठिपका नाहीसा होईल. त्याच्या जागी काळं भोक दिसणार नाही, कोरा कागदच दिसेल. डोळ्यातून जिथे नस बाहेर पडते तिथे आपल्या सगळ्यांनाच काही दिसत नाही, आणि तिथे काही कमी आहे याची मेंदू आपल्याला दादच लागू देत नाही. जन्मभर हा ठिपका तुमच्या सोबत आहे आणि तुम्हाला आज कळला.

सरांच्या बाबतीत तेवढ्याच बेमालूमपणे अर्धं जग नाहीसं झालंय. त्यांना ताट पूर्ण दिसतं, फक्त त्या ताटात कोशिंबीर नाही. रस्ता पूर्ण दिसतो, फक्त त्यावर नमस्कार करणारा माणूस नाही. जे दिसत नाही ते दिसत नाही, हेच त्यांना दिसत नाही. तेव्हा ते तुमच्याशी खोटं बोलत नाहीत, त्यांना जाणवतं तेच सांगत आहेत.

तुम्ही एक बारीक गोष्ट लिहिली आहे, ती माझ्या दृष्टीने फार मोलाची आहे : ‘कोशिंबीर राहिली म्हटलं की मान वळवतात, अरे हो म्हणतात आणि संपवतात.’ स्ट्रोकनंतर आणखी एक प्रकार होतो, त्यात डावी बाजू दिसण्या-न दिसण्याच्या पलीकडे, माणसाच्या ध्यानातूनच जाते. असा माणूस सांगूनही तिकडे वळत नाही, अर्धीच दाढी करतो, घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबतो. सर सांगितल्यावर वळतात, यावरून त्यांचा त्रास मुख्यतः नजरेचा असावा असं वाटतं. पण ताटाची एक बाजू वारंवार राहणं हे दुसऱ्या प्रकारातही दिसतं, आणि दोन्ही थोडं थोडं एकत्रही असू शकतं. पुढच्या वेळी न्यूरोलॉजिस्टना हा फरक तपासायला स्पष्ट शब्दांत सांगा, कारण सराव काय द्यायचा ते त्यावर ठरतं.

आणि ते मांजर. त्या संध्याकाळी तुमच्या पोटात गोळा आला असेल, आणि शेजारणीने ‘काहीतरी बाहेरचं आहे’ म्हटल्यावर तर अधिकच. मेंदूच्या ज्या भागाकडे दृश्य पोचणं बंद होतं, तो कधी कधी स्वतःच चित्रं तयार करतो : माणसं, फुलं, नक्षी, प्राणी. शार्ल बोने या स्विस अभ्यासकाने 1760 मध्ये स्वतःच्या आजोबांना दिसणाऱ्या अशा चित्रांबद्दल लिहून ठेवलं आहे. त्यांची नजर गेली होती, बुद्धी शाबूत होती. पुष्कळ पेशंट हे कुणाला सांगत नाहीत, कारण त्यांनाही आपण वेडे ठरू ही भीती असते. सरांनी तुम्हाला सांगितलं. त्यांना म्हणा, दिसलं तर सांगत जा, घाबरू नका, नजर इकडेतिकडे हलवली की बहुधा जातं. मात्र ती चित्रं त्यांच्याशी बोलायला लागली, खरीच आहेत असं त्यांना वाटायला लागलं, किंवा त्याबरोबर हात झटके देऊ लागला, भान हरपलं, तर ताबडतोब डॉक्टरांना कळवा.

‘डावी बाजू परत येईल का?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पत्रभर तोच आहे. आपसूक सुधारणा होते ती बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, थोडीफार सहा महिन्यांपर्यंत. आठ महिन्यांनंतर गेलेली बाजू भरून येण्याची आशा फार धरू नये. हे लिहिताना मला जड जातंय, पण खोटी आशा देऊन तुम्हाला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरवणं मला पटत नाही. नजर परत आणण्याचे म्हणून संगणकावरचे महागडे कोर्स, थेंब, डोळ्यांचे व्यायाम असं बरंच काही तुमच्यापर्यंत येईल. या सगळ्या उपायांच्या अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने 2019 मध्ये घेतला. गेलेली बाजू परत आणण्याच्या उपायांसाठी पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. न दिसणाऱ्या बाजूकडे नजर फिरवायची सवय लावणाऱ्या सरावाने दैनंदिन जगणं सुधारत असावं असं दिसलं, तोही पुरावा फार भक्कम नाही, पण या सरावाला पैसे लागत नाहीत आणि त्याने अपाय होत नाही. माझा कल पूर्णपणे त्याच्याकडे आहे. त्याला सहा महिन्यांची मुदतही नाही.

इथे तुमच्या एका सवयीबद्दल बोलायला हवं. तुम्ही प्रेमापोटी सगळं उजवीकडे आणून ठेवलंय. पाण्याचा तांब्या उजवीकडे, औषधं उजवीकडे, ताटसुद्धा हल्ली थोडं फिरवून वाढता. पहिल्या दिवसांत ते बरोबरच होतं. आता त्यामुळे त्यांच्या मानेला डावीकडे वळायचं कारणच उरलं नाही. उकळता चहा, विळी, गोळ्या हे उजवीकडेच राहू द्या. बाकी ताट पूर्वीसारखं वाढा. कोशिंबीर डावीकडेच. आणि लगेच सांगू नका. ‘आधी डावा काठ शोधा’ एवढंच ठरवून टाका, म्हणजे जेवायला बसलं की बोट ताटाच्या डाव्या काठाला लावायचं आणि तिथून नजर उजवीकडे आणायची.

सराव घरात हवा तेवढा आहे. परातीत तांदूळ पसरून सरांना निवडायला बसवा, खडे डाव्या काठाला जास्त टाका. त्यांना हे बायकी काम वाटलं तर पत्ते पसरा आणि चारही एक्के शोधायला सांगा. पेपरचा एक रकाना घेऊन त्यातल्या प्रत्येक ‘क’ला गोल करायला द्या, शिक्षकाला लाल पेन हातात मिळालं की बरं वाटेल. एक नियम कायम : नजर डावीकडे थोडीथोडी सरकवायची नाही, एकदम लांब, पार खांद्याच्या रेषेपर्यंत टाकायची आणि मग मधे आणायची. सुरुवातीला डोकं दुखतं, थकायला होतं. म्हणून रोज थोडा वेळ, पण रोज. पुढे हेच बाहेर करा. सकाळी फिरायला जाल तेव्हा डाव्या हाताच्या दुकानांच्या पाट्या त्यांनी मोठ्याने वाचायच्या. रस्त्याने चालताना तुम्ही त्यांच्या डावीकडे राहा, ती उघडी बाजू आहे. बोलायला बसाल तेव्हा मात्र उजवीकडे.

वाचनाचं सांगते, कारण ते सुटलं तर सर खचतील. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. सरांची नजर ओळीच्या शेवटाला गेली की पुढच्या ओळीची सुरुवात त्यांच्या न दिसणाऱ्या बाजूला पडते. म्हणून ओळी गळतात आणि ‘बिनविरोध’मधला ‘बिन’ गळतो. पानाच्या डाव्या समासाला लाल रंगाची एक उभी पट्टी लावा. लाल दिसेपर्यंत नजर मागे न्यायची, मगच वाचायला सुरुवात. डाव्या हाताचं बोट ओळीच्या आरंभी ठेवलं तरी चालतं. काहींना पान आडवं फिरवून ओळी वरून खाली वाचणं सोपं जातं. पुस्तकाच्या रुंद पानापेक्षा पेपरचा अरुंद रकाना बरा. आकड्यांबाबत फार सांभाळा : 15,000 मधला एक गळला की 5,000 उरतात. बँकेचा कागद, वीजबिल, औषधाची मात्रा यांत डावीकडून प्रत्येक आकडा बोट ठेवून मोठ्याने म्हणायचा. सही करण्याआधी तुम्हीही एकदा बघा.

एवढं घरी होतं. त्यापुढे शिकवायला माणसं आहेत. मोठ्या नेत्ररुग्णालयांत ‘लो व्हिजन’, म्हणजे कमी दिसणाऱ्यांसाठीचा विभाग असतो, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय या कामात जुने आहेत. सुरक्षित चालणं-फिरणं शिकायचं असेल तर मुंबईची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था आहे. नाव ऐकून बिचकू नका, अर्धवट दिसणाऱ्यांनाही तिथे विचारता येतं. चष्म्याच्या काचेवर चिकटवायच्या खास प्रिझमच्या पट्ट्याही मिळतात, त्या न दिसणाऱ्या बाजूचं थोडं दृश्य दिसणाऱ्या बाजूत ओढून आणतात. काहींना त्या मानवतात, काहींना दोन-दोन दिसून गरगरतं. आधी तात्पुरत्या लावून बघायला मिळाल्या तरच घ्या.

‘सर ओळख देत नाहीत’ यावर उपाय म्हणजे सांगून टाकणं. तुम्ही आठ महिने लोकांना ‘आता बरे आहेत’ म्हणत आलात, म्हणून लोकांनी त्यांचं न बघणं उर्मटपणात धरलं. चारचौघांत एक वाक्य पुरतं : ‘सरांना डाव्या बाजूचं दिसत नाही, उजवीकडून हाक मारा.’ ते वाक्य सरांनी स्वतः म्हटलं तर सर्वांत उत्तम. तोवर तुम्ही म्हणा, पण त्यांना विचारून. लग्नकार्यात, व्याख्यानाला सभागृहाच्या डाव्या टोकाला बसलात तर व्यासपीठ त्यांच्या उजवीकडे येईल आणि माणसंही त्याच बाजूला राहतील.

आता स्कूटर.

सरांनी आज स्कूटर चालवू नये. गावातल्या गावात नाही, कॉलनीत नाही, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर नाही. दोन्ही डोळ्यांनी मिळून माणसाला साधारण 180 अंश दिसतं, सरांना त्याच्या निम्मं. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने जातो, म्हणजे फुटपाथवरून उतरणारं मूल, उभ्या गाडीचं उघडणारं दार, डावीकडून घुसणारी मोटरसायकल, हे सगळं नेमकं गेलेल्या बाजूला. ताशी 30 च्या वेगाने स्कूटर एका सेकंदात आठ मीटरहून जास्त जाते. तुम्ही मागे बसून ‘डावीकडे!’ म्हणणार, ते त्यांच्या कानात शिरणार, मान वळणार, ब्रेक लागणार, तोवर व्हायचं ते होऊन जाईल. आणि पडाल तेव्हा दोघंही पडाल. तुमची तयारी प्रेमाची आहे, पण ती जबाबदारी अंगावर घेऊ नका.

लायसन्स अजून दोन वर्षं चालू आहे, असं सर म्हणतात. कागद चालू आहे, हे खरं. तपासणीच्या फॉर्ममध्ये दिवसाउजेडी 25 मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का हे विचारतात, आणि तीही सर वाचतील. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 186 सांगतं की आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे आपलं चालवणं लोकांना धोक्याचं आहे हे ठाऊक असताना रस्त्यावर वाहन चालवणं गुन्हा आहे. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असल्यावर ‘ठाऊक नव्हतं’ म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये लायसन्ससाठी आडवं किमान 120 अंशांचं दृष्टिक्षेत्र लागतं. अर्धी बाजू गेलेल्याला तिथे थांबावंच लागतं. किमान वर्ष उलटल्यावर, त्रास वाढलेला नसेल आणि माणसाने त्याच्याशी पूर्ण जुळवून घेतलं असेल, तर अपवाद म्हणून प्रत्यक्ष चालवण्याची परीक्षा घेऊन ठरवतात. म्हणजे दार कायमचं बंद असं मी म्हणत नाही. पुढे फील्ड टेस्टमध्ये खरोखर फरक पडला, तर न्यूरोलॉजिस्ट आणि डोळ्यांचे डॉक्टर दोघांना लेखी विचारा.

तरीही किल्ली लपवू नका. पस्तीस वर्षं शाळा सांभाळलेल्या माणसाने स्वतःच्या घरात किल्ली शोधत फिरावं, हे तुम्हालाही बघवणार नाही. आणि लपवलेली किल्ली एक दिवस सापडते. मुलाची काळजी खरी आहे, पण पुण्याहून फोनवर सांगितलेला हुकूम अमलात आणायचा तुम्ही, आणि सरांचा राग झेलायचाही तुम्हीच. त्याला म्हणा, दोन दिवसांची रजा काढून ये आणि फील्ड टेस्टच्या दिवशी बाबांबरोबर चल. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की ‘स्कूटर चालवावी का’ हा प्रश्न सर विचारतील आणि उत्तर त्यांनीच द्यायचं आहे. रिपोर्टवर दोन डोळ्यांची दोन वर्तुळं छापलेली असतात. सरांच्या कागदावर दोन्हींचा डावा अर्धा भाग काळा असेल. त्यांना आतापर्यंत सगळ्यांनी ‘तुम्हाला दिसत नाही’ असं सांगितलंय, दाखवलं कुणीच नाही. आयुष्यभर फळ्यावर आकृत्या काढून समजावलेल्या माणसाला आकृती समजते. तो कागद बघून ते गप्प होतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. बोलले तर बोलू द्या, पण बोलायच्या भरीस पाडू नका.

त्यानंतर स्कूटरचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. विकायची, मुलाला द्यायची, की झाकून ठेवायची. तुम्ही मात्र स्कूटरवरून ते रोज काय काय करत होते ते एकेक धरून बसा. सकाळचं दूध, बाजार, नातीला क्लासला सोडणं, संध्याकाळी मित्रांच्या कट्ट्यावर जाणं. दूध चालत आणता येईल. बाजाराला दोघांनी रिक्षाने जायचं. नातीला सोडताना ते चालत बरोबर जाऊ शकतात, रस्ता ओलांडायची जागा ठरवून ठेवा. खरी अडचण कट्ट्याची आहे, कारण तिथे कुणी न्यायला आलेलं त्यांना आवडणार नाही. त्यांच्या जुन्या मित्रांपैकी जो रोज त्याच रस्त्याने जातो, त्याच्याशी तुम्ही आजच बोला. जिल्ह्याच्या ठिकाणी एसटीने जाणं-येणं पुन्हा सुरू करा. तुम्हाला अर्धं तिकीट आहेच, 65 झाले की त्यांनाही मिळेल.

अशीच पत्रं लिहिणाऱ्या इतरांसाठी थोडं. दृश्याचा भाग जाणं फक्त स्ट्रोकमुळे होत नाही. काचबिंदूत कडेची नजर वर्षानुवर्षं हळूहळू झिजते आणि सरांसारखंच पेशंटला पत्ता लागत नाही. गेलेली परत येत नाही, पण थेंबांनी उरलेली टिकवता येते. घरात कुणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर नुसता चष्म्याचा नंबर काढून परतू नका, डोळ्यातला दाब आणि नस तपासून घ्या. दोन्ही बाहेरच्या बाजू, कानांकडच्या, कमी दिसू लागल्या तर मेंदूच्या तळाशी गाठ आहे का ते बघावं लागतं. रातांधळेपणा आणि त्याबरोबर नजर बोगद्यासारखी अरुंद होत जाणं हा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आनुवंशिक आजार असू शकतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात नुसती तक्त्यावरची नजर धरलेली नाही. दृष्टिक्षेत्र 40 अंशांहून कमी उरलं तर अल्पदृष्टी आणि 10 अंशांहून कमी उरलं तर अंधत्व, असं त्यात स्पष्ट आहे. सरांचं उरलेलं क्षेत्र त्याहून मोठं असल्याने त्यांच्या बाबतीत काय ते प्रमाणपत्र देणारं वैद्यकीय मंडळ ठरवेल, पण विचारायला संकोच नको.

शेवटी एक, आणि हे तुम्ही गोळ्यांच्या डब्यावर चिकटवून ठेवा. रक्तदाबाच्या, रक्त पातळ ठेवण्याच्या, साखरेच्या गोळ्या ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सरांनी मनाने बंद करायच्या नाहीत. स्ट्रोक एकदा आला की पुन्हा येण्याचा धोका असतो. अचानक आणखी काही दिसेनासं झालं, तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली, बोलणं अडखळलं, चालताना तोल गेला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावत बसू नका. 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. म्हणून त्रास कधी सुरू झाला ती वेळ घड्याळात बघून कागदावर लिहून ठेवा, आणि तिथे गेल्यावर सगळ्यात आधी तीच सांगा.